जबाबदारी देऊन येते

हुबळी आणि धारवाड ही दोन गावं म्हटली, तरी मधला वीसेक किलोमीटरचा रस्ता आता विद्यार्थ्यांचाच झालाय. सकाळी चिगरी बसमध्ये चढावं तर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांच्या पाठीवर सॅक आणि कानात वायर. कर्नाटक विद्यापीठ १९५० साली धारवाडला आलं, १९८६ साली कृषी विद्यापीठ झालं, २०१६ साली आयआयटी आली. इंजिनिअरिंग, मेडिकल, लॉ आहेतच. गल्लोगल्ली पेइंग गेस्ट मुलं-मुली राहतात. त्यामुळे चार बायका एकत्र जमल्या की ‘आजकालची पोरं’ हा विषय निघतोच आणि बोलणं एकाच शब्दावर येऊन थांबतं: बेजबाबदार.

नोव्हेंबर २०२१मध्ये या बोलण्याला मोठं निमित्त मिळालं. सत्तूरच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात १७ तारखेला पहिल्या वर्षाच्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. आठवड्याभरात काही मुलं आजारी पडली, तपासण्या झाल्या आणि २५ तारखेला ६६ जण कोरोनाबाधित निघाले. दोन दिवसांत हा आकडा २८१वर गेला. बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते, त्यामुळे त्रास फारसा झाला नाही. पण वसतिगृहं सील झाली आणि धारवाडचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. त्याच आठवड्यात ओमायक्रॉन हे नवं नाव कानावर पडलं होतं. २ डिसेंबरला देशातले पहिले दोन रुग्ण बेंगळुरूत सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा तर सगळ्यांचंच धाबं दणाणलं.

‘डॉक्टर होणारी पोरं, आणि हे असं वागणं!’ मंदिराच्या कट्ट्यावर, भाजीच्या गाडीपाशी हेच ऐकू येई. मला मात्र वाटायचं, त्याच दिवसांत लग्नांच्या पंगतींत चारशे-पाचशे पानं उठत होती. तिथं कुणाच्या नाकावर मास्क होता? दीड वर्ष घरात कोंडलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं कॉलेज पाहायला आली. त्यांना चार तास एकत्र यावंसं वाटलं, यात नवल ते काय? म्हणून झालं ते बरोबर झालं, असं नाही. पण नुसता दोष देऊन मुलं शहाणी होत नसतात. मग कशानं होतात? त्याचं उत्तर मला घरातच पाहायला मिळालं.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. तिथं मास्कसाठी पाचशे रुपये दंड लावला होता. मुली वॉचमनच्या खोलीपर्यंत मास्क वर ओढायच्या आणि जिना चढला की खाली. जानेवारी २०२२मध्ये तिसरी लाट आली. एका रात्री तिचा फोन आला. आवाज बसलेला.

“आत्या, अंगात कणकण आहे. कुणाला सांगितलं नाही.”

“का गं?”

“सांगितलं तर मजला बंद करतील. इंटर्नल परीक्षा तोंडावर आहे, सगळ्याजणी माझ्यावरच चिडतील. गोळी घेऊन उद्याच्या बसनं घरी जाते.”

घरी तिची आज्जी, माझी आई, ब्याऐंशी वर्षांची आणि दम्याची. मी रागावले नाही. एवढंच म्हटलं, “पोरी, बसमध्ये तुझ्या शेजारी कुणाची तरी आज्जी बसेल. घरी तर तुझीच आहे. तूच ठरव. तू जे ठरवशील ते मी तुझ्या आईवडिलांना समजावून सांगेन.”

पोरगी बराच वेळ गप्प होती. सकाळी तिनं जाऊन रेक्टरबाईंना सांगितलं. सात दिवस एका कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहिली. दोन मैत्रिणींनी बोलणं टाकलं. डबा दाराबाहेर ठेवून जाणारी मावशीसुद्धा म्हणाली, “तुमच्यामुळं सगळ्यांना ताप.” तिसऱ्या दिवशी मात्र त्याच मजल्यावरच्या आणखी तीन मुलींनी आपणहून सांगितलं, की आम्हालाही बरं नाही. त्या तिघी दोन-दोन दिवसांपासून अंगावर काढत होत्या आणि मेसमध्ये सगळ्यांबरोबर जेवत होत्या. दंडानं जे बाहेर आलं नाही, ते एकीच्या बोलण्यानं बाहेर आलं.

आपल्या घरांत पाणी गाळून घ्यायची रीत आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आईनं ते काम माझ्याकडे दिलं. दुहेरी फडकं घागरीच्या तोंडावर कसं बांधायचं, गाळल्यावर फडक्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत कसे सोडायचे, हे तिनं एकदा दाखवलं आणि पाठ फिरवून स्वयंपाकाला लागली. मागं उभी राहून पाहत बसली नाही. घरातले सगळे माझ्या हातचं पाणी पितात, एवढं मला ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं. बेफिकिरीला आपल्याकडे प्रमाद म्हणतात. तो धाकानं घालवता येत नाही. हातात काम सोपवलं की तो आपोआप कमी होतो.

विद्यापीठांनाही हेच करता येईल. स्वागत समारंभ बंद करू नका. तो मुलांच्याच हाती द्या आणि किती जणांना बोलवायचं, किती वाजता संपवायचं हे त्यांनाच ठरवू द्या. प्रत्येक मजल्यावर एक मोठी मुलगी असावी, जिच्याकडे नव्या मुलीनं रात्री दोन वाजताही जावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, खरं सांगणाऱ्याची हजेरी आणि परीक्षा बुडू देऊ नका. खरं बोलणं महाग पडतंय असं दिसलं, की मुलं लपवायला शिकतात.

स्वागतावरून रॅगिंगचंही आठवलं. मार्च २००९मध्ये हिमाचलमध्ये अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी रॅगिंगमध्ये मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं कडक नियम केले. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन सुरू झाली. प्रवेश घेताना रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र मुलाकडून घेतात, आणि दुसरं आईवडिलांकडून. म्हणजे जबाबदारीच्या कागदावर आपलीही सही असते. फी भरायच्या घाईत तो कागद वाचतो कोण? तो घरी आणून मुलाशेजारी बसून एकदा वाचावा. त्रास देणारा कुणाचा तरी मुलगा असतो, तसाच पाहून गप्प बसणाराही असतो. तो आपला असू शकतो.

आपण आया फोनवर काय विचारतो? जेवलीस का, अभ्यास झाला का, मार्क किती पडले. यात वाईट काही नाही. पण हे सगळे प्रश्न तिच्या एकटीपुरतेच. त्यात एक प्रश्न वाढवावा: तुझ्या खोलीतली मुलगी बरी आहे ना? पहिल्या दिवशी उत्तर येईल, “मला काय माहीत?” दुसऱ्या आठवड्यात ती फोन यायच्या आधी विचारून ठेवेल. माझ्या भाचीची आई हल्ली न चुकता विचारते. परवा उत्तर आलं, “तिला दोन दिवस जेवण जात नाहीये, मी तिला दवाखान्यात घेऊन चाललेय, नंतर बोलू.” आणि फोन बंद.