ई-०१०० म्हणजे काठी

ई-०१०० म्हणजे काठी. ई-०१३० म्हणजे वॉकर, के-०००१ म्हणजे साधी व्हीलचेअर, ई-०६३० म्हणजे माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारी पेशंट लिफ्ट. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेशंटांच्या चार्टना कोड लावायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. कोड लावला, क्लेम पुढे गेला, डिनाय होऊन परत आला नाही, की विषय संपला. पण विषय तिथे संपत नाही हो! हेच कोड पुढे कुणीतरी तारखेनुसार लावून वाचतं आणि त्यावरून माणूस किती मीटर चालू शकत असेल याचा अंदाज बांधतं. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे.

हे ज्या आजारासाठी करतात तो मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. मग कुणाची नजर जाते, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेकांना तो ऐन विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुढे जन्मभर सोबत राहतो. यातून अपंगत्व किती आलं हे मोजायला न्यूरॉलॉजिस्ट ईडीएसएस नावाची पट्टी वापरतात. जॉन कर्ट्झकी या अमेरिकी डॉक्टरांनी ती १९८३ साली मांडली. शून्य म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, दहा म्हणजे एमएसने मृत्यू, आणि एकच्या पुढच्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या.

या पट्टीच्या मी प्रेमात पडले आहे. खालच्या पायऱ्यांवर दृष्टी, तोल, स्नायूंची ताकद, संवेदना, मूत्राशय असं एकेक तपासून गुण देतात. चारच्या पुढे मात्र सगळी मदार चालण्यावर. आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर चाललात तर ४. तीनशे मीटर, साडेचार. दोनशे, पाच. शंभर, साडेपाच. एका बाजूला आधार घेऊन शंभर मीटर म्हणजे ६. दोन्ही बाजूंना आधार घेऊन वीस मीटर, साडेसहा. आधार घेऊनही पाच मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर ७, म्हणजे व्हीलचेअर.

आता परत वाचा. सहावर काय आली? काठी! आणि काठी म्हणजे काय? ई-०१००!

गंमत अशी, की ईडीएसएसचा आकडा बिलात कुठेच नसतो. विमा कंपनी तपासणीचे पैसे देते, गुणांचे नाही. आकडा असलाच तर डॉक्टरांच्या नोटमध्ये, तोही प्रत्येक वेळी लिहिलेला असेलच असं नाही. आणि औषधांच्या चाचण्या जेमतेम दोन-तीन वर्षांच्या, आजार मात्र दशकांचा. मग हजारो माणसांचं पुढे काय झालं हे बघायचं कुठे? डेन्मार्कसारखं १९५६ पासूनचं राष्ट्रीय एमएस रजिस्टर अमेरिकेकडे नाही. पण बिलं आहेत, ढिगाने! २०१३ साली बॉस्टन आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णालयांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी चाळून आजाराची तीव्रता काढायचा प्रयत्न केला. २०२१ मध्ये एका गटाने कर्ट्झकींची दृष्टी, तोल, मूत्राशय अशी शरीरव्यवस्थांची विभागणी चक्क विम्याच्या क्लेमवर बसवली.

मनातल्या मनात एक फाईल उघडते. एच-४६, डोळ्याच्या नसेला सूज. मध्ये काही वर्षं शांतता. मग एन-३१.९, मूत्राशय बिघडलं. ए-४३५१, कॅथेटर, आता दर महिन्याला. ९७११६, फिजिओथेरपीत चालण्याचं ट्रेनिंग. आणि मग ई-०१००. सुटासुटा प्रत्येक कोड मी लावलेला आहे, पण असे एकाखाली एक कधी पाहिलेच नव्हते!

गोची आहेच. दुकानातून रोख पैसे देऊन घेतलेली काठी क्लेममध्ये येत नाही. खुबा मोडला म्हणून घेतलेली येते आणि फसवते. अंधांची पांढरी काठी मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी विमा, देतच नाही, त्यामुळे गेलेली नजर तिथे काठीने दिसणार नाही. मुळात एमएस आहे का, इथूनच सुरुवात. ओपीडीत ‘संशयित’ निदानाला कोड लावायचा नाही हा आमचा नियम, पण तो पाळला जातोच असं नाही. म्हणून संशोधक एका क्लेमवर विश्वास ठेवत नाहीत, वर्षभरात निदान तीन मागतात. त्याच गाळणीतून २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमएस पेशंटांचा अंदाज दहा लाखांच्या जवळ पोचला. आधी चार लाख धरत होते, चार!

आपल्याकडे हे जमेल का? मला तरी कठीण दिसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, पण आपला आरोग्यविमा बहुतांशी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतो. काठी, फिजिओ, कॅथेटर सगळं खिशातून. क्लेमच नाही तर वाचणार काय?

तिकडे मात्र कोड बारीक होत चालले आहेत. इतकी वर्षं सगळ्या एमएसला मिळून एकच जी-३५ होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो फुटला. झटके येऊन ओसरणारा प्रकार वेगळा, सुरुवातीपासून वाढत जाणारा वेगळा, मागाहून वाढीला लागलेला वेगळा. नोटमध्ये प्रकार नसेल तर जी-३५.डी, ‘अनिर्दिष्ट’, लावून मोकळं होता येतं. मी होत नाही. डॉक्टरांना क्वेरी टाकते. टीम लीड विचारतो, तुझ्याच क्वेऱ्या एवढ्या कशा वाढल्या? त्याला मी कर्ट्झकींचा पेपर पाठवला आहे.