महाबळेश्वरचे दोन आठवडे

सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत महाबळेश्वरचे दोन आठवडे आहेत. हसू नका! टाइमशेअर म्हणतात त्याला. एका खोलीचे वर्षाकाठी चौदा दिवस आमचे. एक आठवडा मेचा, दुसरा जुलैचा. जाणे होवो न होवो, देखभालीचे पैसे भरावेच लागतात. म्हणून दोन्ही भाड्याने देतो.

गिऱ्हाईक पहिल्याच वाक्यात निम्मा भाव सांगते. रागावू नये, तारीख विचारावी. मे असेल तर आपला आकडा एकदा सांगून गप्प बसावे. खाली मुंबई-पुणे भाजत असते, आणि सुमारे ४,५०० फुटांवरची संध्याकाळची झुळूक आपल्या वतीने बोलते.

जुलैत ऐट चालत नाही. इथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. इंग्रज गव्हर्नरसुद्धा उन्हाळा इथे काढून पावसाळ्याला पुणे गाठीत. तेव्हा देखभालीपुरते मिळाले तरी पुष्कळ. त्याखाली मात्र नाही.

गेल्या जुलैसाठी सोलापूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्याहूनही कमी सांगितले. “सर, आम्हां दोघांना पॉइंट नकोत, वेण्णा तलाव नको. छपरावरचा पाऊस ऐकायचाय.” मी देखभालीचा आकडा सांगितला. थोडा वेळ फोनवर शांतता.

“बरं,” ते म्हणाले, “चहा-साखर आणावी लागेल का?”