टॉवेल कोण फेकणार?

हेमलकसाला लोक कशाला जातात? कुणी ‘प्रकाशवाटा’ वाचून जातं, कुणी नाना पाटेकरचा २०१४चा सिनेमा पाहून. कुणाला बिबटे बघायचे असतात, कुणाला तीन नद्यांचा संगम. मी गेलो ते एक प्रश्न सोबत घेऊन. प्रश्न जरा हटके होता : कोच नसताना फाइट लढता येते का?

गेली दोन वर्षं मी आणि माझे दोन मित्र एमएमए करतोय. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, थाय किक, कुस्तीतला पट, जुजुत्सूचा फास... सगळं एकाच पिंजऱ्यात. आमची जिम म्हणजे सोसायटीची गच्ची, सेकंडहॅण्ड मॅट आणि गुरुजी म्हणजे यूट्यूब. ऑफिस सुटतं आठला, चांगल्या जिमची बॅच सातची, आणि फीचं तर विचारूच नका! तरी दम वाढला, पोट आत गेलं, आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला. मार्चमध्ये एक हौशी स्पर्धा होती. फॉर्म भरायचा का? डिसेंबरची सुट्टी आली आणि मी बल्लारशाची गाडी पकडली.

सागवानातला रस्ता

बल्लारशाहून आलापल्ली, आणि तिथून पुढे साधारण साठ किलोमीटर भामरागडच्या दिशेनं. हा रस्ता म्हणजे ट्रिपचा निम्मा आनंद. दोन्ही बाजूंना सागाची सरळसोट झाडं, मध्येच एखादा पाडा, सायकलवरून सरपण नेणारा माणूस. मोबाइलच्या कांड्या कधी येतात, कधी जातात. पहिला तासभर हात सारखा खिशाकडे जातो. मग तोही नाद सोडतो.

हेमलकसा भामरागडच्या अलीकडे आहे. पुढे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला भेटतात, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हिवाळ्यात मात्र पाणी शांत असतं, वाळू थंडगार. संगमावर नुसतं बसून राहावं, असं वाटतं.

बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प इथं २३ डिसेंबर १९७३ला सुरू केला. मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी इथं राहायला आले, तेव्हा ना रस्ता धड होता, ना वीज. माडिया लोकांची भाषा येत नव्हती. प्रकाशभाऊ सर्जरीचं पुढचं शिक्षण अर्धवट टाकून आलेले, मंदाताई भूलतज्ज्ञ. समोर येणारे पेशंट मात्र सगळ्या प्रकारचे. मोडलेली हाडं, अडलेली बाळंतपणं, मोतीबिंदू, अस्वलानं फाडलेले चेहरे. जे शिकलेलं नव्हतं ते पुस्तक उघडून, कंदिलाच्या उजेडात केलं. २००८मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

बघा! मी मनात म्हटलं. कोचशिवाय होतं की!

दगडाचा गोळा

दुसऱ्या दिवशी पहाटे धावायला बाहेर पडलो. थंडी अशी की दात वाजत होते. वाटलं होतं, रस्त्यावर मी एकटाच असणार. कसलं काय! धुक्यातून दोन पोरं सुसाट माझ्या अंगावरून पुढे गेली. एकाच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट, दुसरा अनवाणी. पुढच्या वळणावर गाठ पडली.

‘‘भाऊ, कोठचे तुम्ही?’’

‘‘पुण्याचा.’’

‘‘तिकडून इथं धावाले आले?’’ दोघंही खो-खो हसले.

पोलिस भरतीची तयारी करत होते. गडचिरोलीतच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर हेच चित्र दिसतं. मैदानी चाचणी पन्नास मार्कांची. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा. या पोरांकडे गोळा नव्हता. नदीतून आणलेला एक गुळगुळीत दगड होता, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतलेला. एक जण धावतो, दुसरा मोबाइलवर वेळ लावतो. मग अदलाबदल.

‘‘शिकवतं कोण?’’ मी विचारलं.

‘‘कोणी नाही. आमच्या गावचा दादा लागला ना पोलिसात, तो सुट्टीवर आला का सांगते. हात असा नको, असा धर. मागच्या टायमाले त्यानंच माझं धावणं बंद केलं होतं पंधरा दिवस. गुडघा सुजला होता.’’

‘‘तू ऐकलंस?’’

‘‘ऐकावंच लागते. आपल्याले तर वाटतेच का धावू शकतो म्हणून.’’

माझ्या दोन वर्षांच्या यूट्यूबमध्ये हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, बॉस! व्हिडिओ तुम्हाला किक शिकवतो. पण तुमचा सुजलेला गुडघा त्याला दिसत नाही.

चार डोळे

मग आमट्यांची गोष्टही मला वेगळी दिसायला लागली. दोघांकडे डॉक्टरकीचा पाया पक्का होता. शिवाय एकाच्या हातात चाकू, तर दुसरीची नजर पेशंटच्या श्वासावर. ‘थांब’ म्हणणारं माणूस खोलीतच होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी जोखीम घेतली कारण पेशंटला दुसरा पर्यायच नव्हता. माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर तीन जिम आहेत.

कुस्तीतलं आपलं सगळ्यात मोठं नाव घ्या. खाशाबा जाधव तांबड्या मातीत तयार झाले. पण १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी मॅटवरची कुस्ती शिकायला त्यांनाही रीस गार्डनर हा अमेरिकन मल्ल लागला. तिथं सहावे आले आणि १९५२ला हेलसिंकीत ब्रॉन्झ. एमएमएतला अंशुल जुबली तर आमच्यासारख्यांचा हीरोच. डेहराडूनचा हा पोरगा सुरुवातीला व्हिडिओ बघून शिकला. पण २०२३मध्ये ‘रोड टू यूएफसी’ जिंकला तो दिल्लीच्या जिममध्ये, कोचच्या हाताखाली तयार होऊन. आणि आपला मुंबईकर भरत खंडारे? नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. कुस्तीची तालीम, व्यावसायिक फाइट्सचा अनुभव, सगळं गाठीशी होतं. तरी पहिल्याच राउंडमध्ये गळ्याला फास बसला आणि खेळ संपला. त्या लेव्हलला एक चूक पुरते.

एकट्यानं काय करावं?

संगमावरच्या वाळूत बसून मी वहीत दोन रकाने पाडले. एकट्यानं जमण्यासारखं खूप आहे. धावणं, दोरीच्या उड्या, पुलअप्स, शॅडो बॉक्सिंग, जमिनीवर कंबर सरकवत सुटण्याचा सराव. स्वतःचा व्हिडिओ काढून बघणंही. आरशापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

दुसरा रकाना लहान, पण घाम फोडणारा. फास नीट बसला तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होतो, त्यामुळे तिसरा जाणता माणूस जवळ नसेल तर गळ्याचे डाव नकोत. डोक्याला मार लागून डोकं दुखलं, मळमळलं, तर डॉक्टर सांगेपर्यंत स्पारिंग बंद. वजनी गटात बसायला पाणी तोडणं हा तर जिवाशी खेळ. आणि शेवटचा मुद्दा : फाइटमध्ये तुमचा कॉर्नर टॉवेल फेकून लढत थांबवू शकतो. मार खाणाऱ्याला आपण किती मार खाल्लाय ते कळत नसतं. माझ्या कॉर्नरला कोण असणार होतं? माझ्याइतकेच शिकलेले माझे दोन मित्र, ‘उठ यार, उठ!’ असं ओरडणारे.

मार्चचा फॉर्म मी भरला नाही. जानेवारीत रविवारची एक बॅच शोधली. महिन्याला चारच क्लास, पण कोच पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘‘हनुवटी खाली घे.’’ दोन वर्षांत हे मला कुणीच म्हणालं नव्हतं. बाकीचे सहा दिवस गच्ची आहेच.

कसं जाल?

रेल्वेनं नागपूर किंवा बल्लारशा. पुढे आलापल्लीमार्गे एसटी किंवा गाडी. नागपूरहून गाडीनं सात-आठ तास धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळा टाळा. प्रकल्पावर राहायचं असेल तर आधी विचारूनच निघा. हे हॉटेल नाही, इथं दवाखाना आणि शाळा चालते. मलेरियाचा भाग आहे, डासांचं मलम विसरू नका. आणि बूट नक्की घ्या. पहाटेच्या त्या रस्त्यावर सोबत मिळेल, फक्त तिचा वेग तुमच्यापेक्षा जास्त असेल!