करातलं त्रैराशिक

त्रैराशिक हा शब्द आमच्या पिढीने मराठी शाळेत ऐकला आणि बहुतेकांनी तो शाळेतच सोडून दिला. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्याला मानाची जागा आहे. तीन राशी ठाऊक, चौथी शोधायची, एवढंच ते गणित. मला मात्र ते आजही रोज भेटतं, बाजारातल्या बिलावर.

हॉटेलात दोनशे रुपयांच्या जेवणावर पाच टक्क्यांनी दहा रुपये कर. चारशेच्या जेवणावर वीस. जेवलोच नाही तर करही शून्य. रक्कम कितीही बदलो, दोहोंचं नातं बदलत नाही, यालाच समप्रमाण म्हणायचं. बसच्या तिकिटाचं तसं नसतं. तिथे किमान भाडं असतं, त्यामुळे अंतर निम्मं झालं म्हणून भाडं निम्मं होतंच असं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, केसांचं तेल यांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. माझी भाची तेलाची बाटली घेऊन तणतणत आली. "मामा, ११८ ची बाटली. तेरा टक्के कमी व्हायला हवेत, म्हणजे १०२ रुपये ६६ पैसे. पोसरकाराने १०५ घेतले. लुबाडलं त्याने!"

तिचा गुणाकार अचूक होता. पण टक्के कशाचे? कर ११८ वर नव्हता, मूळ शंभरावर होता. शंभरावर अठरा म्हणजे ११८, शंभरावर पाच म्हणजे १०५. तेरा रुपये कमी झाले, पण ११८ च्या मानाने ते अकरा टक्केच भरतात. तिला मी त्रैराशिक मांडून दाखवलं: ११८ मध्ये कर अठरा, तर ५९ च्या बाटलीत किती? नऊ. मग तिने स्वतःच ५९ चे साडेबावन्न करून दाखवले. बिचारा पोसरकार चोरीच्या आळातून सुटला!

टक्केवारी ऐकली की आधी विचारावं, कुणाच्या मानाने? हा प्रश्न शिकला की तो बिलापाशी थांबत नाही. पोदेराच्या पावावर जीएसटी नाही, ते बरंच आहे. पण त्या तेलाच्या बाटलीवर महिना दहा हजार मिळवणारी बाई पाच रुपये कर भरते आणि लाख मिळवणारा साहेबही पाचच. किमतीशी कराचं प्रमाण दोघांनाही सारखं. मिळकतीशी पाहिलं तर तिचा दोन हजारावा भाग जातो, त्याचा वीस हजारावा. म्हणजे तिच्यावरचा भार दसपट.

गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. न्याय कुठल्या प्रमाणात मोजायचा, हे मात्र गणित सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.