मामांचे निदान

मामाला सल्ला विचारला नाही तर त्याचा अपमान होतो आणि विचारला तर भाच्याचे नुकसान होते. यातली पहिली गोष्ट मला ठाऊक होती. दुसरी गेल्या मे महिन्यात दिंडोरीला कळली.

नाशिकहून पंचवीसएक किलोमीटरवरचा हा सारा मुलूख द्राक्षांचा. पण भाच्याने सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून वीस गुंठ्यांवर शेडनेट उभारले नि आत ढोबळी मिरची लावली. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही आहे. तेव्हा मिरचीच्या प्रकृतीची चौकशी मी निव्वळ मायेपोटी करीत होतो, असे म्हणवत नाही.

पोचलो त्याच दुपारी जाळीत शिरलो. आत कुंद उकाडा. एका कोपऱ्यातली दहा-बारा झाडे माना टाकून उभी होती. पाने हिरवीगार, पण लोंबलेली. भाच्याने औषधांच्या तीन बाटल्या दाखवल्या. तिन्ही फवारून झाल्या होत्या. दुकानदाराने चौथी काढून ठेवली होती.

"मामा, तुम्हांला काय वाटतं?"

बँकेत एकतीस वर्षे मी शेतकर्जाची प्रकरणे तपासली. शेते तपासली नाहीत, पण तेवढ्यासाठी कोण गप्प बसतो?

"पाणी कमी पडतंय," मी ठणकावून सांगितले. "या उन्हात ठिबकनं काय भागणार? नळीनं मोकळं पाणी दे."

दाजी बाजेवर सुपारी कातरत होते. बायकोच्या भावाचा मान ठेवायची त्यांची जुनी सवय. ते काही बोलले नाहीत.

दोन दुपारी पाणी सोडले. गादीवाफा भरून ते शेजारच्या वाफ्यांत उतरले. आठवड्याच्या आत त्या वाफ्यांतल्या झाडांनीही माना टाकल्या. ताईने मला त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच दाजींनी मला हलवले. "चला, आता बघू."

"आत्ता? अंधारात काय दिसणार?"

"दुपारी ऊन बोलतं. झाड पहाटे बोलतं. दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरलं तर ते उन्हाचं काम. पण पहाटेच्या गारव्यातही मान खालीच, तर दुखणं मुळाशी."

कोपऱ्यातली झाडे तशीच खाली पाहत होती. दाजी मात्र घाईने तिकडे गेले नाहीत. वाटेत एक पान उलटे केले. वाटीसारखे वर वळलेले पान म्हणजे फुलकिडे, खाली वळलेले म्हणजे कोळी. माझा पांढरा रुमाल मागून त्यांनी त्यावर शेंडा झटकला. चार-दोन बारीक रेघा पळू लागल्या. रुमाल मी परत खिशात घातला नाही. खाली फुलांचा सडा पडला होता. मी घाबरलो. दाजी म्हणाले, "पारा पस्तीसच्या वर गेला की ही फुलं टाकतेच. त्याला औषध नाही, सावली."

मग एक आजारी झाड उपटले. मुळांवर गाठी नव्हत्या, म्हणजे सूत्रकृमी नव्हते. बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून त्यांनी माझ्याच चहाच्या काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात, अर्धा बुडेल असा धरला. आम्ही तिघे पाहत राहिलो. चार-पाच मिनिटांत कापापासून पांढरट धागा उदबत्तीच्या धुरासारखा निघाला नि खाली उतरू लागला.

ही जिवाणूंची मर. एर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये या जिवाणूचे वर्णन केले, हे मी मागाहून वाचले. दाजींनी पेल्याची युक्ती टोमॅटोच्या दिवसांत कृषी विज्ञान केंद्राच्या शिबिरात पाहिली होती.

"आत शिरल्यावर याला बाटली नाही," ते म्हणाले. "आणि हे पाण्याबरोबर पुढं जातं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भाच्यानेही नाही.

"मग मी पाणी सोडायला सांगितलं, तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? पहाटे पाहिलंच नव्हतं."

६४ झाडे मातीसकट पोत्यांत भरून बाहेर काढली. त्यातली बारा मूळची, बाकीची माझ्या खात्यावर. त्या वाफ्यांचे पाणी बंद झाले, विळा-कात्री धुऊनच पुढच्या ओळीत जाऊ लागली. चौथी बाटली दुकानातच राहिली. उरलेली मिरची उभी आहे आणि हप्तेही चालू आहेत.

निघताना भाचा पाया पडला नि म्हणाला, "मामा, रिकाम्या वाफ्यांत आता काय लावू?"

मी दाजींकडे पाहिले. दाजी सुपारी कातरत होते.