पेडगावात यीस्ट मिळेल का?

अमेरिकेतला भाचा घरी बिअर करतो. तिकडे १९७८ च्या कायद्यानंतर ते चालतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय घरी दारू केली तर गुन्हा. तरी पठ्ठ्याने विचारलंच, "मामा, पेडगावात यीस्ट-माल्ट कुठे मिळतं?"

अरे बाबा, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टचीही बिअर करतात, आणि ज्वारी तर घरचीच. आम्ही मात्र आंबील करतो. यीस्टच्या जागी ताक. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात शिजवायचं, वर लसूण-जिरं.

गोची आहे ती पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी जड. उकळून गार केलं की तळाशी पांढरा थर बसतो, वरचं निवळ तेवढं घ्यायचं. (सगळा जडपणा जात नाही म्हणा.) तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर तेही उकळून घ्यायचं, नाहीतर विरजण मरगळतं. ताक घुसळायलाही हेच पाणी.

एवढी उठाठेव आईसाठी. दात गेले, भाकरी चावत नाही, आणि ज्वारी पोटात गेल्याशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नाही. दोन वाट्या गेल्या की मला हायसं वाटतं. हल्ली कधीकधी एकच जाते.