तार घराची, लहर माणसाची

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वळण रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, तेथे मारतहळ्ळी वसली आहे. कन्नड भाषेत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. नावात खेडे राहिले. प्रत्यक्षात मात्र तेथे उंच इमारती, संगणक कंपन्यांची कार्यालये, प्रशिक्षणवर्ग आणि ओळीने उभी असलेली ‘पीजी’ वसतिगृहे यांची दाटी झाली आहे. नोकरीच्या शोधात देशाच्या सर्व भागांतून येणारे तरुण येथे मुक्काम करतात. सोलापूर, लातूर, सांगलीकडून आलेली मराठी मुले-मुलीही त्यांत असतात.

अशा नवख्या माणसाचे प्रथम खोलीचे ठरते, मग जेवणाचे ठरते आणि लगेच तिसरा प्रश्न उभा राहतो: इंटरनेटचे काय? खोलीपर्यंत तार आणून ब्रॉडबँडची जोडणी घ्यावी, की हातातल्या मोबाइलवरच भागवावे? प्रश्न लहान दिसतो; पण नोकरीची मुलाखत, परीक्षेचा अर्ज, रात्रीचा अभ्यास आणि गावाकडे आईवडिलांशी होणारे बोलणे या साऱ्या गोष्टी त्या एका निर्णयाला बांधलेल्या असतात.

ब्रॉडबँड म्हणजे वेगवान इंटरनेट. मात्र ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले गेले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. दरम्यान मोबाइलही मागे राहिला नाही. २०१२ मध्ये भारतात चौथ्या पिढीची सेवा सुरू झाली, तेव्हा ती प्रथम मिळालेल्या शहरांत बंगळूर होते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचव्या पिढीची सेवा आली. आज भारतातील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी दहात नऊहून अधिक ग्राहक मोबाइलवरचे आहेत. तथापि, जे बहुतेकांनी स्वीकारले ते प्रत्येकाला सोयीचे असतेच असे नाही.

तार घराची असते, लहर माणसाची. तारेला कायमचा पत्ता लागतो, घरमालकाची परवानगी लागते आणि स्वस्त दर हवा असेल, तर अनेकदा सहा महिन्यांचे वा वर्षाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्याला, किंवा दोन महिन्यांत खोली बदलावी लागेल अशी धास्ती असणाऱ्याला, हा व्यवहार जड वाटतो. मोबाइल ब्रॉडबँड मात्र त्याच्याबरोबर बसमध्ये, कार्यालयात आणि सुटीला गावीही जाते. ज्याचे बिऱ्हाड पाठीवर आहे, त्याला ही सोय फार मोलाची आहे.

पण सोयीला मर्यादा असतात. मोबाइलच्या अनेक योजनांत दररोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो. दृक्‌संवादाला तासाला साधारण एक जीबी लागतो. स्पष्ट चित्राचा पाठ पाहायचा, तर तासाला दोन-तीन जीबीही खर्च होतात. रोजची मर्यादा संपली, की अनेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे त्या वेगाने सेकंदाला केवळ आठ किलोबाइट उतरतात आणि दहा एमबीचे एक पुस्तक उतरवण्यास एकवीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. त्याच पुस्तकाची दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल, तर हे गणित केवळ कागदावरचे राहत नाही.

दुसरी मर्यादा गर्दीची. एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व मोबाइलधारकांत वाटली जाते. सायंकाळी वसतिगृहांच्या खोल्या भरतात, प्रत्येक खोलीत कोणी चित्रपट पाहतो, कोणी खेळतो, कोणी घरी बोलतो. आणि तोच वेग अनेकांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. मोबाइलच्या पडद्यावरील रेघा पूर्ण दिसतात, तरी चित्र अडखळते. कारण त्या रेघा लहरीचे बळ दाखवतात, वाटेवरची गर्दी दाखवत नाहीत. शिवाय काँक्रीटच्या भिंती लहरींना अडवतात. खिडकीपाशी उत्तम चालणारा मोबाइल आतल्या खोलीत मंदावतो.

म्हणून निर्णय जाहिरातीतील आकड्यांवरून करण्यापेक्षा आपल्या दिनक्रमावरून करणे शहाणपणाचे ठरते. एकटा राहणारा, दिवसा कार्यालयातील जोडणी वापरणारा आणि रात्री संदेश, बातम्या व तासाभराचा पाठ एवढीच गरज असणारा माणूस मोबाइलवर सुखाने राहू शकतो. परंतु घरात चार माणसे असतील, एकाचे घरून काम व दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग एकाच वेळी चालत असेल, तर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सर्वांचा भार टाकणे म्हणजे एका घागरीवर साऱ्या वाड्याची तहान भागवणे होय. तेथे तारच हवी. तीन-चार सोबत्यांनी एक जोडणी घेऊन खर्च वाटून घेतला, तर तो प्रत्येकाला स्वतंत्र मोठ्या रिचार्जपेक्षा कमीही पडू शकतो.

मात्र तारेवरही सर्वस्वी विसंबून चालत नाही. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या पूर्व भागात अतिवृष्टी झाली. बाह्य वळण रस्ता पाण्याखाली गेला, मारतहळ्ळी आणि बेळ्ळंदूर परिसरातील वाहतूक कोलमडली. अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. पण तळघरांत पाणी शिरल्याने कित्येक इमारतींची वीजच बंद झाली होती. विजेवाचून राउटर चालत नाही. त्याला पर्यायी वीज नसेल, तर तार शाबूत असूनही जोडणी निकामी होते. मोबाइलला निदान स्वतःची बॅटरी असते आणि मनोऱ्यालाही काही काळ पुरेल अशी पर्यायी वीज असते. ज्याच्याजवळ एकच साधन असते, त्याचे काम अशा दिवशी अडते. आणि ज्याची मजुरी कामाच्या तासांवर अवलंबून आहे, त्याचा तो दिवस बुडतो.

निवड करण्यापूर्वी थोडा धीर धरणाऱ्याचे पैसे वाचतात. महिन्याभरात किती डेटा खर्च झाला, हे मोबाइलच्या सेटिंगमध्येच पाहता येते. अभ्यासाला जेथे बसायचे, त्याच जागी सकाळी, सायंकाळी आणि रात्री असे तीन-चार दिवस वेग तपासता येतो. उतरवण्याच्या वेगाबरोबर पाठवण्याचा वेगही पाहावा लागतो; कारण मुलाखतीत समोरच्याला आपला आवाज नीट ऐकू जाणे हे त्याचा आवाज आपल्याला ऐकू येण्याइतकेच आवश्यक असते. शेजारच्या खोलीतील जुन्या रहिवाशाला विचारलेला एक प्रश्न तर पुष्कळदा दहा जाहिरातींपेक्षा अधिक सांगून जातो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे मराठीत म्हणतात. येथे अंथरुणाबरोबर पायही मोजावे लागतात. गरजेपेक्षा मोठी जोडणी घेणाऱ्याचा पैसा वाया जातो; गरजेपेक्षा लहान जोडणी घेणाऱ्याची एखादी संधी हुकते, आणि हुकलेली संधी पुढच्या रिचार्जने परत मिळत नाही. परमुलखात नव्याने उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ पैसा आणि संधी दोन्ही मोजकीच असतात. आपले काम कोणते, ते कोठे व केव्हा चालते आणि कोणत्या क्षणी ते अडता कामा नये, हे ज्याने नीट ओळखले, त्याला तार घ्यावी की लहर, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.